सोळा जीबीचा जीव

हसू नका मित्रांनो, पण एके काळी मला चाकं होती. चांगली चार. आता मी शर्टाच्या बटणांच्या डबीत पडून असतो आणि मला पाहून कुणाला वाटणारही नाही, की या काळ्या चिमुकल्या तुकड्याने कधी एक पाऊल तरी टाकलं असेल. मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. सोळा जीबीचं. सोळा म्हटलं की हल्ली नाकं मुरडली जातात. तुम्हीही मुरडलंत, दिसलं मला. असू द्या. मूर्ती लहान पण कीर्ती महान असं म्हणतात, ते काही उगाच नाही. मी जे पाहिलंय, ते पाचशे जीबीवाल्यांनी स्वप्नातही पाहिलेलं नाही.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे तेवढे दिसायचे. मुळात आम्ही वाळू, हे तुम्हाला माहीत आहे का? वाळूतून काढलेल्या एका चकचकीत चकतीतून मला कापलं, काळा अंगरखा घातला आणि पोटाला आठ सोनेरी दात बसवले. मग मला काहीतरी सांगितलं, आणि लगेच विचारलं, काय सांगितलं? मी जसंच्या तसं परत सांगितलं. बस. तेवढीच माझी शाळा. तीच मी जन्मभर पुरवली.

पहिली नोकरी मामांच्या टॅक्सीत लागली. हे मामा म्हणजे पुढे जिची गोष्ट सांगणार आहे त्या ताईचे सख्खे मामा. त्यांनी माझ्यात अकराशे गाणी भरली आणि टॅक्सीतल्या गाण्याच्या डब्यात मला खुपसलं. नऊ वर्षं मी गायलो. उन्हात डबा तापून तवा व्हायचा, खड्ड्यांनी हाडं खिळखिळी व्हायची, पण गाणं कधी अडकलं नाही. मामा स्वतः पक्के बेसूर, तरी प्रत्येक गाण्यात माझ्यापुढे अर्धी ओळ. मागे बसलेलं कुणी म्हणालं, "वा, काय गाणी जमवलीत हो!" की मामा आरशात बघून मिशीत हसायचे. मला वाटायचं, निम्मी शाबासकी माझी. मग एक दिवस नवा डबा आला, तो फोनवरून गायचा. माझी रवानगी समोरच्या खणात झाली. तिथे एक बोथट पाना, दोन गेलेले बल्ब आणि मी. दोन वर्षं कुत्रंही विचारायला आलं नाही. गोष्ट इथेच संपली असती, तर मी तुम्हाला बसवून घेतलंच नसतं.

ताई मोबाइल दुरुस्त करते; घरात लहानमोठे सगळेच तिला ताई म्हणतात. बाजाराच्या बोळात तिचं दुकान आहे, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढं. तिचे बाबा चौतीस वर्षं काचघराचे माळी होते. काचघर म्हणजे मोठ्या बागेतली काचेच्या भिंतींची आणि काचेच्या छपराची इमारत, आत नुसती झाडं. आदल्या वर्षी बाबा तिथल्या शिडीवरून पडले आणि पाठीचा कणा दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, सपाट पडून राहायचं, उठायचं नाव काढायचं नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी हलत होती. आणि जीभ. जीभ मात्र दोन माणसांची चालायची.

आता बघा नशिबाचा खेळ. ताई पाळण्यात होती त्या वर्षी बाबांनी काचघरात घायपाताचं एक रोप लावलं होतं. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलला की मरतो. बाबांनी तीस वर्षं त्याची वाट पाहिली. रोज सकाळी आत गेल्यावर पहिला फेरा त्याच्याकडे. आणि बाबा अंथरुणाला खिळल्यावर या पठ्ठ्याने तुरा काढला! बघता बघता तो छपराला भिडला. तेव्हा काचघराच्या नव्या मुकादमांनी वरची एक काच काढून त्याला आभाळात जायला वाट करून दिली.

ताईचा मोठा भाऊ, दादा, फोटो काढून घेऊन आला. तो शिंपी. बाबांनी मान फिरवली.

"फोटो नको मला. फोटो म्हणजे दुसऱ्याने जेवायचं आणि आपण ढेकर ऐकायची."

मग दादाने काचघरातून व्हिडिओवर दाखवायचा प्रयत्न केला. बाबा म्हणायचे डावीकडे, दादा फिरायचा उजवीकडे. "अरे माझ्या डावीकडे!" "बाबा, तुम्ही आडवे आहात, तुमची डावी नक्की कुठली?" पाच मिनिटांत बापलेकांचं भांडण लागलं आणि फोन बंद झाला. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की मला माझ्या मनाने जायचंय. हवं तिथे थांबायचंय, हवं तिथे वाकायचंय.

त्यातच ऑपरेशनची तारीख आली. शुक्रवार. डॉक्टरांनी दोघा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं, "दुखणं जाईल अशी आशा आहे. पण या वयात..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. तुऱ्यावरची खालची फुलं उमलायला लागली होती. बाबा बरे होऊन घरी येईपर्यंत ती वाळून गेली असती, आणि बाबा घरी आलेच नसते तर? तो विचार दोघांनी मनात धरला, तोंडाने कुणी काढला नाही. जे काही करायचं ते शुक्रवारच्या आत.

ताईने एक गाडी बनवायला घेतलीच होती. गुडघ्याएवढी उंच, चार चाकं, वर उलटं घमेलं ठोकलेलं, त्यातून निघालेल्या दांड्यावर मान वळवणारा कॅमेरा. बोलायला कर्णा, ऐकायला माइक. चाल इतकी संथ, की दादाने तिचं नाव कासव ठेवलं. बाबांनी अंथरुणातून एक बोटभर दांडा हलवायचा आणि तीन रस्ते पलीकडे काचघरात कासवाने चालायचं, असा बेत. घमेल्याखाली एक छोटा संगणक होता. पण मित्रांनो, या संगणकाची एक गंमत आहे. त्याला स्वतःचं असं काहीच आठवत नाही. वीज आली की तो नुकता जन्मल्यासारखा डोळे उघडतो आणि सगळ्यात आधी कार्डाकडे वळून विचारतो, मी कोण? मला हात आहेत का, पाय आहेत का, काय करू? कार्डाने सगळं नीट सांगितलं, तर गाडी उभी राहते. कार्ड अडखळलं, तर सगळं लोखंडच.

म्हणून ताई कार्ड निवडायला बसली. टेबलावर आम्ही तिघं होतो. एक नवंकोरं झगमगीत, पाठीवर एकशे अठ्ठावीस छापलेलं. ते दादाने फुटपाथवरून आणलं होतं. दुसरं चौसष्टचं, लांबून मागवलेलं, आठ दिवसांनी आलेलं. आणि तिसरा मी. बाबांना भेटायला आलेल्या मामांनी खण उपसून मला ताईच्या हातावर ठेवलं होतं.

"बघ, लागलं तर लागलं," मामा म्हणाले. "गाणी आहेत त्यात, पण मला पाठ आहेत सगळी."

दादा म्हणाला, "अगं, सगळ्यात मोठं घे ना, विचार काय करतेस?"

"वर काय छापलंय ते मी वाचतच नाही," ताई म्हणाली. "काठोकाठ भरते, आणि मग परत वाचून बघते."

माझी गाणी तिने आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि मग तिघांचीही परीक्षा घेतली, माझी गाणी न पुसता, उरलेल्या जागेत. एकशे अठ्ठावीसवाल्याने दिलेलं सगळं हसत हसत पोटात घातलं. वाचायला घेतलं, तर पहिले आठ जीबी ठीक, पुढे नुसता ठणठणाट. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! खरं तर मला त्याचा राग नाही आला. कुणीतरी त्याच्या पाठीवर खोटा आकडा छापला होता, त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. चौसष्टचं मात्र खणखणीत निघालं, वेगवान आणि बिनचूक. मी निम्म्याहून हळू चाललो, पण सांगितलेलं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

"म्हातारा सावकाश आहे, पण खोटं बोलत नाही," ताई म्हणाली, आणि मला राखीव म्हणून बाजूला ठेवलं. वाईट वाटलं हो. पण ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

चौसष्टच्या कार्डात ताईने कासवाचा सगळा जीव भरला आणि त्या पूर्ण कार्डाची एक नक्कल लॅपटॉपवर काढून ठेवली. बुधवारी दुपारी काचघरात चाचणी झाली. कासव उठलं, चाललं, मान वळवली. मुकादमांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाच्या भरात ताई बाबांना फोन करायला बाहेर धावली आणि आत दादाने आवराआवर केली. वीस वर्षं तो दुकानातून निघताना मेन स्विच खाली ओढतो. शिंप्याच्या दुकानात इस्त्री चालू राहिली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच सवयीने, त्याच शहाणपणाने, त्याने कासवाचा स्विच खाली ओढला. त्या क्षणी कार्ड काहीतरी लिहीत होतं. लिहिता लिहिता हात तुटला म्हणा ना.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ताईने काचघरात कासव चालू केलं. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं, तर लॅपटॉपला ते ओळखूही येईना. दादाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, मी काल मेन बंद केला. दुकानात करतो तसा."

ताईने मान वर करून घड्याळ पाहिलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चार वाजता नर्स घरी येऊन बाबांना इंजेक्शन देणार होती. त्यानंतर बाबा गुंगीत, आणि सकाळी अँब्युलन्स. म्हणजे हातात होते ते जेमतेम सहा तास.

बाजारात नवी कार्डं होती, पण ती सगळी त्या एकशे अठ्ठावीसची भावंडं. ताईच्या दुकानात डबाभर कार्डं होती, पण ती गिऱ्हाइकांची, आणि परक्याच्या आठवणींना हात लावायचा नाही हा तिचा नियम. राहिलो मी.

दुकानात परतल्यावर तिने मला चिमट्यात धरून दिव्याखाली नेलं. माझे सोनेरी दात नऊ वर्षांच्या धुराने काळवंडले होते. ते तिने खोडरबराने अगदी हलक्या हाताने घासले आणि कापसाने पुसले. मला इतकं कुणी कधी जपून धरलं नव्हतं. मग तिने नक्कल माझ्यात घालायला सुरुवात केली आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. लॅपटॉप म्हणाला, जागा पुरत नाही.

"असं कसं?" दादा म्हणाला. "त्यात भरलेलं किती होतं?"

"पाच जीबी."

"आणि याच्यात सोळा. मग मावत का नाही?"

ताईने कपाळावर हात मारला. तिने काल पूर्ण कार्डाची नक्कल काढली होती. पूर्ण म्हणजे अगदी पूर्ण, रिकाम्या जागेसकट. घर बदलताना कुणी सामानाबरोबर रिकाम्या खोल्याही ट्रकमध्ये भराव्यात, तसं झालं होतं. पाचाचं सामान आणि एकोणसाठाची पोकळी, आणि ती पोकळी माझ्या दारात अडकून बसली होती.

"आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते," ताई म्हणाली आणि लॅपटॉपकडे वळली.

दादाने स्टुलावर बसून पाहिलं आणि शिंप्याच्या भाषेत म्हणाला, "म्हणजे माप मोठं झालंय, कापड तेवढंच आहे. टाके आत घे आणि जास्तीचं कापून टाक."

"हो रे बाबा, तेच करायचंय. फक्त कात्री चुकली तर अंगरखा गेला."

भरलेला भाग तिने आधी एका बाजूला सरकवून घट्ट बसवला, मग मागचं रिकामं शेपूट मोजून कापलं. दोनदा मोजलं. तीन तास गेले. दीड वाजता नक्कल सहा जीबीची झाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, खरं सांगू? पुसलं जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळू नये. अकराशे गाणी होती माझ्यात, एकेक ओळीसकट. ती लॅपटॉपवर सुखरूप होती, हे मला माहीत होतं, तरी ती माझ्यातून जाणार होती. बटण दाबलं गेलं आणि एकेक गाणं विझत गेलं. मी कोण होतो, तेच मला आठवेना. मग त्या शांततेत काहीतरी वेगळंच भरायला लागलं. सूर नव्हते ते. डावं चाक कसं फिरवायचं, उजवं कसं. भिंत किती जवळ आली की थांबायचं. डोळा कसा उघडायचा. मी गाणारा होतो, आणि कुणीतरी मला चालणं शिकवत होतं. असं काही जगात असतं, हेच मला ठाऊक नव्हतं!

"झालं ना लिहून? चल, चल!" दादा हेल्मेट घालून उभाच होता.

"लिहून झालं म्हणजे झालं नाही. वाचून बघते."

"अगं, दोन वाजले!"

"वाजू देत. एकदा तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार."

तिने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारलं. कारखान्यात विचारलं होतं तसंच. मीही तसंच उत्तर दिलं, जसंच्या तसं. मग तिने माझ्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे गोंधळ नको. दादाने मला शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून हात धरून, एका हाताने स्कूटर चालवत तो काचघराकडे निघाला. ताई बाबांजवळ घरी गेली.

त्याने मला कासवाच्या पोटात बसवलं, धक्क्याने निसटू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली, आणि स्विच वर केला.

वीज आली. संगणकाने डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, मी कोण? आजवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागलो. तू कासव आहेस. तुला चार चाकं आहेत. चाकं थरथरली. तुला मान आहे. मान वळली. तुला डोळा आहे. आणि मग, मित्रांनो, उजेड आला. नऊ वर्षं मी एका डब्यात होतो, दोन वर्षं खणात. हिरवा रंग मी पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. पानामागे पान, त्यामागे पान, वर काचेतून झिरपणारं ऊन. मी थक्क झालो. मला बोलता आलं असतं, तरी मी काय बोललो असतो कुणास ठाऊक.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. घरी बाबांच्या बोटाखाली तो दांडा ठेवला गेला. मला हुकूम आला, पुढे. चाकं फिरली. तीन पावलं झाली आणि हुकूम आला, थांब. डावीकडे. कुंडीजवळ.

"ही कुंडी इथे कुणी आणली?" कर्ण्यातून बाबांचा आवाज घुमला आणि मुकादम दचकून मागे सरले. "हिला ऊन सोसत नाही. आत सरकवा."

आणखी दोन पावलं. पुन्हा थांब. "या वेलाला आधार नाही दिला का रे कुणी?" आणखी चार पावलं. थांब. एका कोवळ्या पानाच्या मागे मान घालून बाबा बराच वेळ बघत राहिले. बॅटरी दीड तासाची होती. घरून ताईचा रडकुंडीला आलेला आवाज यायला लागला.

"बाबा, आधी फूल बघा ना! घायपात पार टोकाला आहे."

"वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर बोलायचंसुद्धा नाही का?"

काय सांगू तुम्हाला! तो माणूस सपाट पडला होता, आणि माझ्या चाकांवरून ऐटीत फेरफटका मारत होता. त्याचं बोट तिकडे जरा हललं, की मी इकडे हलायचो. तीन रस्ते आणि कितीतरी भिंती मध्ये होत्या. त्या जणू नव्हत्याच.

शेवटी आम्ही घायपाताजवळ पोहोचलो. मान वर करायचा हुकूम आला. मी वर करत गेलो, करत गेलो, तुरा संपेचना. माणसाच्या मांडीएवढा दांडा, त्याला दोन्हीकडे फांद्या, प्रत्येक फांदीवर पिवळ्या फुलांचं ताट. खालची ताटं भरून उमललेली, वरच्या अजून कळ्या. सगळ्यात वरचा शेंडा काढलेल्या काचेतून बाहेर, निळ्या आभाळात. मधमाश्यांचा गुंजारव एवढा, की माइक थरथरत होता. दादा, मुकादम, झाडायला आलेली बाई, सगळे माना वर करून उभे. कर्ण्यातून काहीच येईना. मला वाटलं, संपर्क तुटला की काय.

मग बाबांचा आवाज आला, अगदी हळू. "केवढा झालास रे! मी ओंजळीत आणला होता तुला."

दादा तोंड फिरवून डोळे पुसत होता. मला डोळा एकच, आणि तो बाबांच्या ताब्यात, नाहीतर मीही फिरवला असता.

थोड्या वेळाने हुकूम आला, खाली.

"बाबा, फुलं वर आहेत," ताई म्हणाली.

"फुलं सगळ्यांनी पाहिली. मला बुंध्याशी जाऊ दे."

घायपाताची पानं म्हणजे भाले. टोकाला काटा, कडेला करवत. उभ्या माणसाला जवळ जाता येत नाही आणि वाकायची कुणाची छाती होत नाही. पण मी गुडघ्याएवढा. काटे घमेल्यावर कर्रकन ओरबाडत गेले आणि मी पानांखाली शिरलो. आत अंधारी, गार जागा होती. आणि तिथे, बुंध्याला बिलगून, मुठीएवढी हिरवी रोपं होती. एक, दोन, पाच, सात.

"पिल्लं!" बाबा ओरडले. "ताई, पिल्लं आहेत! मुकादम, अहो मुकादम!"

"बोला बाबा."

"फुलं गेल्यावर या झाडाचं काय करणार आहात?"

मुकादम घुटमळले. "मुळासकट काढणार होतो. परवाच कुदळवाल्याला सांगून ठेवलंय. झाड मरणारच ना आता."

"मरणारच. पण शहाणं झाड मरणाआधी आपल्यासारखीच पिल्लं बाजूला काढून ठेवतं. आधी ती सोडवा, मग कुदळ."

मुकादम धिप्पाड माणूस, पांढरीशुभ्र पँट. ते तसेच मातीत पालथे झोपले आणि पानांखाली बघू लागले. "अरेच्चा!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. सहा महिने ते त्या झाडाभोवती फिरत होते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाने त्यांना ही पिल्लं दाखवली.

पावणेचार वाजले. बाबांनी कासवाला स्वतः मागे आणलं, भिंतीशी नीट उभं केलं. नर्स आल्याचं कळत होतं, घरी दार वाजलं.

"दादा, स्विचला हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "आधी मी त्याला सांगतो, आता झोप म्हणून. हिरवा दिवा विझला, की मग."

त्यांनी सांगितलं. मी हातातलं सगळं आवरलं, शेवटची ओळ लिहून पुरी केली. दिवा विझला.

मित्रांनो, वीज गेली की आम्ही नसतो. आम्हाला दिवस कळत नाहीत, वाट पाहणं कळत नाही. शुक्रवार आला आणि गेला, मला ठाऊक नाही. ऑपरेशन किती तास चाललं, ताई आणि दादा कुठल्या बाकावर बसले, काय बोलले, मला ठाऊक नाही. माझ्यासाठी दिवा विझला आणि लागलीच पुन्हा वीज आली. संगणकाने विचारलं, मी कोण? मी सांगितलं. डोळा उघडला. तुरा वाळून तपकिरी झाला होता. पिल्लं सात कुंड्यांत ओळीने बसली होती. म्हणजे कितीतरी आठवडे गेले होते. दांड्यावर कुणाचं बोट आहे, ते मला कळेना. ताईचं असेल. दादाचं असेल. मला फार भीती वाटली.

कर्णा खरखरला. आवाज क्षीण होता, मध्ये धाप होती.

"मुकादम, सातांना मिळून एवढं पाणी? बुडवून मारायचीत काय लेकरं?"

मी तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझा आनंद सोळा जीबीत मावत नव्हता.

बाबा पुन्हा चालले नाहीत. पण दुखणं गेलं, उशीला टेकून बसता यायला लागलं, आणि त्यानंतर अडीच वर्षं ते रोज सकाळी कामावर गेले. माझ्यावरून. ताईने त्याच आठवड्यात माझीही नक्कल काढून ठेवली. या वेळी पोकळी सोडून, नुसती भरलेल्याची. म्हणाली, "बाबा, शहाण्या झाडाकडून शिकले." मग एक दिवस मी थकलो. आम्ही कार्डं म्हातारी झालो की एक दार बंद करतो. जे आहे ते वाचता येतं, नवं काही लिहिता येत नाही. ताईने नक्कल नव्या कार्डात घातली, भरून, वाचून, पारखून. कासव एक दिवसही थांबलं नाही.

मला काढलं, तेव्हा बाबांनी बघायला मागितलं. त्यांनी मला पाहिलेलंच नव्हतं कधी. ताईने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंसं?" ते म्हणाले. "याच्यावर बसून मी जात होतो?"

त्यांनी त्यांचं ते हलणारं बोट माझ्यावर ठेवलं, अगदी अलगद. मग दादाला म्हणाले, "टाकू नकोस रे. तुझ्या बटणांच्या डबीत ठेव." मीही तेव्हा त्यांच्याकडे पाहत होतो. डोळा नव्हता, तरी पाहत होतो.

तर मित्रांनो, मोठेपणाचा आकडा पाठीवर छापलेला असतो, त्याला भुलू नका. भरून बघा, वाचून बघा. जे मोलाचं आहे, त्याची नक्कल करून ठेवा, आज धडधाकट आहे तेव्हाच. आणि कुठलंही यंत्र बंद करताना त्याला हातातलं काम पुरं करू द्या, हिरवा दिवा विझेपर्यंत दोन क्षण थांबा. त्याच्या पलीकडे कोण माणूस कुठे निघालाय, ते तुम्हाला इकडून दिसत नसतं.